दापोडीच्या पुलाखालून वाहणारे खत

तळेगाव-देहूरोडकडून एस.टी.ने पुण्यात शिरताना दापोडी संपली की हॅरिस पूल लागतो. पुलापलीकडे बोपोडी आणि मग खडकी. खाली मुळा नदी. मावळातून आलेली पवना पुलाच्या जरा वरच्या अंगाला, जुन्या सांगवीजवळ, तिला येऊन मिळते. खिडकीशी बसलेल्या माणसाने ऐन उन्हाळ्यात इथे खाली पाहिले, तर पुष्कळदा त्याला नदी दिसतच नाही. दिसते ते हिरवेगार रान. नवख्याला वाटावे, घासाचा वाफा आहे, विळा घेऊन उतरावे आणि दोन भारे कापून आणावेत. पण ते गवत नव्हे. ती जलपर्णी. आपल्याकडे कोणी तिला केंदाळही म्हणतात. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली, फुलांच्या हौसेने आपल्या देशात आणलेली. मनासारखे पाणी मिळाले की बारा-पंधरा दिवसांत दुप्पट होते. दरवर्षी महापालिका ती काढण्यावर पैसा खर्च करते, आणि दरवर्षी ती पुन्हा येते.

शहरातल्या माणसाला ती घाण वाटते, डासांचे घर वाटते, आणि ते खोटेही नाही. पण शेतकरी बंधुभगिनींनो, आपण तिच्याकडे शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहू या. आपल्या बांधाशेजारचा ऊस असा काळाभोर दिसला, तर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘पाव्हणं, किती गोण्या टाकल्या?’ कोणतेही पीक इतके माजते ते फुकट नाही. मग या नदीला कोणी आणि किती खत घातले?

उत्तर ऐकून नवल वाटेल. ते खत आपल्याच शेतातले आहे.

कॅनमधून गेले, पोत्यातून गेले

समजा, तुमच्या गोठ्यातून रोज दहा लिटर दूध डेअरीला जाते. दुधात हजार भागांत पाच भाग नत्र असते आणि एक भागाच्या आसपास फॉस्फरस. वर्षाचे दूध साडेतीन हजार लिटरच्या वर जाते. म्हणजे खताच्या गोणीच्या भाषेत बोलायचे तर वर्षाकाठी युरियाची जवळजवळ एक गोणी आणि सुपर फॉस्फेटची एक गोणी तुम्ही कॅनमध्ये घालून शहरात पाठवता. पेंड आणि भुसा बाहेरून विकत आणत असाल तर त्यातून थोडे परत येते, हे खरे. पण हिरवी वैरण आणि कडबा घरचा असेल तर तेवढे रानातून वजा झाले.

ज्वारीचे दहा क्विंटल दाणे बाजारात गेले, तर पंधरा-सोळा किलो नत्र गेले. कडबा घरच्या जनावरांनी खाल्ला आणि शेण घरच्या उकिरड्यात पडले, तर त्या वाटचा मोठा भाग रानात परत येतो. दाणा मात्र परत येत नाही. चाकणच्या बाजारातून गेलेला कांदा, नारायणगावचा टोमॅटो, मंचरची पालेभाजी, यांचेही तेच.

आता हे अन्न शहरात कोणी तरी खाल्ले. अन्नातले नत्र माणसाच्या अंगात साठून राहत नाही. वाढत्या पोराच्या अंगात हाडामासासाठी काही राहते. मोठ्या माणसाचे मात्र जेवढे आत, जवळपास तेवढे बाहेर, आणि त्यातले बहुतेक लघवीवाटे. ढोबळमानाने एक माणूस वर्षाला तीन-चार किलो नत्र असे बाहेर टाकतो.

पिंपरी-चिंचवड ही १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या वर होती. आज ती कितीतरी वाढली आहे, पण आपण तोच जुना आकडा धरू. सतरा लाख माणसे, माणशी तीनच किलो नत्र. एक्कावन्न लाख किलो झाले. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोण्यांत मोजले तर जवळजवळ अडीच लाख गोण्या, दरवर्षी! हिशेब माझा आहे, पाच-दहा हजार गोण्या इकडे-तिकडे होतील. पण दापोडीच्या पुलाखाली एवढे हिरवे का, याचा उलगडा व्हायला तो पुरेसा आहे. त्यातले सगळे नदीत जात नाही. जेवढे जाते तेवढ्यावर हे पीक उभे आहे. या पिकाला ना नांगरट, ना बियाणे, ना राखण. आणि विकायला गेले तर त्याला दमडी येत नाही.

रानाला खत कोण घालतो?

पवना जिथून येते त्या मावळच्या डोंगरात अजून काही गावांनी देवराया राखल्या आहेत. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा पुष्कळ देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांच्यावर लिहिले. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही, आणि कित्येक ठिकाणी पडलेली काटकीही घरी नेत नाहीत.

या रानावर धो धो पाऊस पडतो. खाली जमीन तांबडी, धुपलेली, दगड वर आलेला. माती तपासायला पाठवली तर अहवाल पाहून आपण म्हणू, इथे काय उगवणार? आणि तरी तिथे दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडे उभी असतात. पिढ्यानपिढ्या त्यांना कोणी टोपलीभर खत घातलेले नाही.

मर्म असे आहे की त्या रानातून काही बाहेर जात नाही. पान पिवळे पडते ते उगीच नाही. घर सोडताना शहाणी बाई भांडीकुंडी गोळा करते, तसे झाड पान टाकण्याआधी त्यातले नत्र आणि स्फुरद बरेचसे मागे ओढून घेते. उरलेले पानाबरोबर खाली पडते. वाळवी, गांडूळ, शेणकिडे, बुरशी त्यावर तुटून पडतात. झाडांची बारीक मुळे वरच्या पालापाचोळ्यातच जाळ्यासारखी पसरलेली असतात. कुजून सुटलेला कण पावसाने वाहून न्यायच्या आत मूळ तो उचलते. माकडाने फळ खाल्ले तरी विष्ठा त्याच रानात पडते. माकड मेले तरी त्याच रानात. जे थोडेफार वाहून जाते ते विजेच्या कडकडाटातल्या पावसाने, शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींनी आणि झिजणाऱ्या खडकाने भरून निघते. जमाखर्च जुळतो.

तेच रान तोडून उतारावर नाचणी-वरई केली की दोन-तीन वर्षे पीक येते आणि मग जमीन थकते. आपल्या डोंगरी भागातल्या जुन्या लोकांना हे चांगले ठाऊक होते. म्हणून ते जमीन पुष्कळ वर्षे पडीक सोडत. भाताच्या रोपासाठी राब भाजतात त्यातही हीच विद्या आहे. रानातला पाला, गवत आणि शेण एका वाफ्यावर आणून जाळायचे, म्हणजे चार ठिकाणचे सत्त्व एका ठिकाणी. धुराबरोबर त्यातले नत्र उडून जाते, स्फुरद आणि पालाश राखेत राहतात, हे त्यातले उणे.

डोंगर आणि खालची शेती यांचा असा संबंध आहे, हे सरकारदरबारी ज्यांनी लवकर मांडले त्यांच्यातला एक माणूस दापोडीतलाच होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

दापोडीची सरकारी बाग

आज दापोडी म्हटले की एस.टी.चे वर्कशॉप, लष्करी अभियांत्रिकीचे महाविद्यालय, रेल्वेचे स्टेशन, आणि २०२३ पासून मेट्रोचेही स्टेशन आठवते. पण पेशवाईच्या अखेरीस इथे कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण होती. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली तेव्हा ती इथूनच निघाली. फोर्डचा इथला बंगला आणि आवार पुढे सरकारने घेतले, आणि १८२८ साली गव्हर्नर माल्कम यांनी तिथे वनस्पतींची सरकारी बाग सुरू केली. इंग्रजी कागदांत दापोडीचे नाव ‘डापुरी’ असे येते. ही बाग १८६५ पर्यंत चालली आणि मग गणेशखिंडीत गेली.

१८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून दहाएक वर्षे ॲलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर या बागेचे प्रमुख होते. बी-बियाणे वाटणे, परदेशी झाडे इथे रुजवून पाहणे, सैन्याच्या दवाखान्यांसाठी औषधी तयार करणे, असा त्यांचा उद्योग असे. बागेतल्या झाडांची सुरेख चित्रे एका चित्रकाराकडून काढून घेतली गेली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. बागेच्या साहेबांची नावे कागदोपत्री आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणात हिंडून त्यांनी सरकारला कळवले की डोंगरावरचे जंगल तुटले तिथे ओढे लवकर आटू लागले आणि खाड्या गाळाने भरू लागल्या. वरचे झाड आणि खालचे पाणी यांचे नाते त्यांनी सांगितले. सरकारला त्या काळी जहाजांसाठी सागवान हवे होते, हेही त्यामागे होतेच. साहेब काही आपल्या शेतकऱ्याच्या कळवळ्याने हिंडत नव्हते.

कळवळ्याने लिहिणारा दुसरा होता. १८८३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पुण्याजवळ मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती, तेव्हा हा काही टेबलावरचा विद्वान नव्हे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेणमूत, मेलेले किडे-पाखरू यांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर खाली येते आणि शेतांना मिळते, हे त्यांनी त्यात मांडले. जंगलखात्याने डोंगर बंद केले तेव्हा गरीब कुणब्याची गुरे आणि पाला दोन्ही गेले, ही तक्रार मांडली. आणि हे सत्त्व ओढ्यानाल्यांत फुकट जाऊ नये म्हणून बांध-ताली घालाव्यात, असा उपायही सांगितला. आज पाणलोट क्षेत्र विकास म्हणून जे शिकवतात, त्याचा गाभा इथे आहे. फुल्यांचे हे पुस्तक शेतीचे पुस्तक म्हणून आपण वाचत नाही, हे आपले दुर्दैव.

सोनखत आणि त्याची किंमत

फुले लिहीत होते त्याच काळात पुण्यात एक गोष्ट घडत होती. मुठेचा कालवा वाहू लागला होता आणि हडपसर-मांजरीकडे उसाचे मळे वाढत होते. उसाला खत पाहिजे, आणि शेणखत पुरेना. पुणे नगरपालिका शहरातला मैला गोळा करून, त्यात राख आणि केरकचरा मिसळून, वाळवून विकू लागली. आधी शेतकऱ्यांनी नाके मुरडली. मग ज्यांनी टाकले त्यांचा ऊस पाहिला, आणि बागाईतदार गाड्या घेऊन येऊ लागले. त्यालाच आपण सोनखत म्हणतो. नाव उगीच पडलेले नाही.

चीन-जपानात तर हा धंदा फार जुना. अमेरिकेतले शेतीचे प्राध्यापक किंग १९०९ साली तिकडे गेले. चाळीस शतके त्याच जमिनी पिकवणारे शेतकरी काय करतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी लिहिले आहे की शांघायच्या परदेशी वसाहतीतला मैला उचलण्याच्या हक्कासाठी एका चिनी कंत्राटदाराने १९०८ साली एकतीस हजार डॉलर मोजले होते. शहराला पैसा, कंत्राटदाराला नफा आणि शेताला खत. आपल्या महापालिका आज त्याच वस्तूची विल्हेवाट लावायला उलट पैसे मोजतात.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यातला तो मैला गाड्यावर आपोआप चढत नव्हता. तो टोपल्यांतून, बादल्यांतून, डोक्यावरून वाहिला जात होता, आणि वाहणारी माणसे जातीने ठरलेली होती. उसाची गोडी एकाच्या घरात आणि पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर. ‘जुन्या काळी किती छान होते, सगळे जमिनीत परत जायचे,’ असे कोणी म्हणू लागले की मला ती पाटी आठवते. डोक्यावरून मैला वाहण्याला १९९३ च्या कायद्याने बंदी केली आणि २०१३ च्या कायद्याने ती आणखी कडक केली. तरीही गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. खताचे चक्र पुन्हा जोडायचे असेल तर ते त्या वाटेने नाही.

सांडपाण्याची गटारे आली, पाण्याचे संडास आले, आणि मैला शेताऐवजी नदीकडे वळला. त्याच सुमारास कारखान्यातले खत आले. हवेतले नत्र पकडून खत करण्याची युक्ती जर्मनीत निघाली आणि १९१३ साली तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. मग शहरातून परत काही आणायची गरजच कोणाला वाटेना. आज पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, कारण खरी किंमत सरकार भरते. नत्र निदान हवेतून येते, हवा संपणार नाही. स्फुरदाचे तसे नाही. ते खडकातून खणून काढावे लागते. तो खडक आपण बहुतांशी मोरोक्को, जॉर्डन यांसारख्या देशांतून आणतो, आणि पालाश तर जवळजवळ सगळेच परदेशातून. तिकडे लढाई झाली, जहाजे अडली, की इकडे दुकानापुढे रांग लागते. दूरदेशीच्या खाणीतून निघालेला स्फुरद आपल्या शेतात येतो, कांद्यातून पिंपरीत जातो आणि दापोडीच्या पुलाखालून वाहून जातो. एवढा प्रवास करून शेवटी केंदाळाच्या पोटात!

मग शहराचे खत आणावे का?

पिंपरी-चिंचवड महापालिकेने मैलाशुद्धीकरणाची केंद्रे बांधली आहेत. एक दापोडीतही आहे. या केंद्रांत जिवाणूंकडून घाण कुजवून घेतात. नत्राचा काही भाग पुन्हा हवेत जातो, स्फुरदाचा काही भाग खालच्या गाळात बसतो, आणि उरलेले पाण्याबरोबर नदीला मिळते. जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही ते नाल्यांतून तसेच उतरते.

‘मग तो गाळ आम्ही ट्रॉली भरून आणू का?’ असा प्रश्न साहजिक आहे. माझे उत्तर सावधपणाचे आहे. जिथे नुसती घरे आहेत तिथला गाळ नीट कुजवून वापरता येईल. पण हा पट्टा कारखान्यांचा आहे. भोसरी, पिंपरी, चाकणकडे धातूला मुलामा देणारे, रंग देणारे, भाग धुणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत. अशा कामाच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त, शिसे असते. ते न शुद्ध करता घरगुती गटारात मिसळले, तर जिवाणू त्याला काही करू शकत नाहीत. मैला कुजतो, शिसे कुजत नाही. ते गाळात बसते आणि गाळ शेतात टाकला तर शेतात बसते. एकदा बसले की नातवापर्यंत राहते. जलपर्णीही आपल्या मुळांत असे धातू ओढून घेते. तेव्हा दापोडीची किंवा पवनेची जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणून भाजीपाल्याच्या रानात कुजवू नका. गावच्या स्वच्छ तळ्यातली असेल तर गोष्ट वेगळी. तिचे कंपोस्ट चांगले होते, फक्त फूल येण्याआधी काढावी. तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते.

शहरी कंपोस्ट विकत घ्यायचे तर विक्रेत्याला तपासणीचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा खतात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, निकेल ५०, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ याहून जास्त चालत नाही. अहवाल दाखवायला काचकूच करणाऱ्याचे खत घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

देहूचे डॉक्टर

दापोडीहून देहू फार लांब नाही. १९६० च्या आगेमागे तिथल्या आरोग्यकेंद्रात एक तरुण डॉक्टर आले, डॉ. मापुसकर. तुकोबांचे गाव, वारकऱ्यांची सततची ये-जा, आणि दवाखान्यात जुलाब, जंत, कावीळ यांचे रोगी. औषध द्यावे, रोगी बरा व्हावा आणि महिन्याने पुन्हा दारात उभा राहावा. खरे दुखणे गावाच्या हागणदारीत आहे, हे डॉक्टरांनी ओळखले. मग त्यांनी सारे आयुष्य संडासाच्या कामाला वाहिले. घरोघरी जाऊन, पटवून, वर्षानुवर्षे. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात हेच व्रत घेतले होते. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाने स्वतः भंगीकाम केले आणि मैल्याचे खत करण्याच्या सोप्या रीती शोधल्या. तोच धागा देहूत पुढे गेला. संडासाला जोडलेला गॅसचा प्लँट मापुसकरांनी देहूत उभा केला. मैल्यातून चुलीला गॅस आणि वर खत. २०१५ साली ते वारले आणि २०१७ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

आपल्या घराला सोपा पडतो तो दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरेपर्यंत वापरायचा, मग नळी दुसऱ्याकडे वळवायची. खड्ड्याच्या भिंती जाळीच्या ठेवायच्या, तळ उघडा. पहिला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षे हात लावायचा नाही. तेवढ्यात जंतू आणि जंतांची अंडी मरतात, आणि निघते ती काळसर, भुसभुशीत, बिनवासाची माती. हातात घेतली तरी ओळखू येत नाही. कोणाच्या डोक्यावर पाटी नाही, कोणाला टाकीत उतरायचे नाही. विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब घ्यावा, आणि न्हाणीचे पाणी त्यात सोडू नये. पुष्कळांनी अनुदानात एकच मोठी सेप्टिक टाकी बांधली, शेजाऱ्यापेक्षा मोठी, हे कौतुकाने सांगतात. तिच्यातला गाळ कच्चा असतो. तो टँकरवाल्याकडून परस्पर आपल्या रानात ओतून घेऊ नका.

आणि गोठ्याचे काय? माझ्या पाहण्यात असा गोठा आहे की फरशी स्वच्छ, रोज पाइपाने धुतलेली, आणि सगळे पाणी मोरीतून ओढ्यात. मालक दुकानातून युरिया उधार आणतात. एक गाय दिवसाला सात-आठ लिटर मूत्र टाकते. त्यात तिच्या शेणाइतके किंवा त्याहून जास्त नत्र असते, आणि पालाश तर बहुतेक त्यातच. वर्षाला एका गाईमागे वीस-पंचवीस किलो नत्र ओढ्यात! गोठ्याच्या उताराला छोटा खड्डा करून त्यात मूत्र साठवावे आणि उकिरड्यावर ओतावे, किंवा गाईखाली कोरडा पालापाचोळा, भुसकट, नाही तर नुसती माती अंथरून ती भिजली की उचलावी. खर्च शून्य. उकिरड्यावर सावली हवी आणि वरून मातीचा थर हवा, म्हणजे नत्र उडून जात नाही. रस्त्याकडेला उघडा, कोंबड्यांनी उकरलेला, पावसाने धुतलेला उकिरडा म्हणजे निम्मे खत गेलेच समजा.

गोवरी जाळली की नत्र धुरात गेले. पण यात आयाबायांना दोष देण्यात अर्थ नाही. चुलीत घालायला दुसरे काही नसेल तर त्यांनी काय करावे? ज्या घरात तीन-चार जनावरे आहेत तिथे गोबरगॅस घातला तर चूल पेटते आणि नत्र रबडीत शिल्लक राहते. चुलीची राख मात्र आमची आई कधी उकिरड्याच्या ओल्या शेणात पडू देत नसे. ती वेगळ्या डब्यात ठेवी आणि दोडका-घेवड्याच्या आळ्यात टाकी. तिला कारण विचारले तर सांगता येत नसे. कारण असे की राखेने ओल्या शेणातले नत्र लवकर उडते.

इकडे दापोडीला जलपर्णी काढण्याचे काम एप्रिल-मेमध्ये रेंगाळत चाललेले असते. मग पाऊस लागतो. मुळशी-मावळात जोर धरला आणि नद्यांना पहिला मोठा पूर आला की तो हिरवा गालिचा मुळासकट सुटतो आणि पुलाच्या कमानींना थडकत खाली निघतो. खडकी, येरवडा, पुढे संगमावर मुठा मिळते, मग रांजणगाव सांडसजवळ भीमा. सकाळी हॅरिस पुलावरून पाहणाऱ्याला नदी स्वच्छ वाटते. तिकडे इंदापूर-करमाळ्याच्या अंगाला, उजनीच्या काठावर, कोणी तरी शेतकरी पाण्यात उतरून पंपाच्या फुटव्हॉल्व्हला गुंडाळलेले केंदाळ सोडवीत असतो.